नाव, चित्र आणि स्थळ : जुन्नर–आंबेगाव परिसरातील जुन्या छायाचित्रांचा विचार

१

स्थानिक इतिहासाच्या लेखनात जुन्या छायाचित्रांना आता मोठे स्थान प्राप्त झाले आहे. शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, सहकारी संस्थांच्या स्मरणिका, कुलवृत्तान्त, ग्रामदैवतांच्या जीर्णोद्धाराच्या पुस्तिका यांपैकी कोणतेही प्रकाशन जुन्या छायाचित्रांवाचून पुरे झाले असे मानले जात नाही. परंतु छायाचित्रांची संख्या वाढली म्हणून त्यांचा साधन म्हणून उपयोगही वाढला, असे मात्र म्हणता येत नाही. बहुतेक ठिकाणी छायाचित्र हे मजकुराचा अलंकार म्हणून येते. त्याच्याखाली ‘जुने जुन्नर’ किंवा ‘गावातील एक जुना वाडा’ अशी एखादी ओळ असते आणि वाचकाने हळहळून पान उलटावे एवढीच अपेक्षा तीतून व्यक्त होते. ऐतिहासिक कागद छापताना त्याचा काळ, स्थळ, लेखक आणि पाठ यांविषयी जी दक्षता घेतली जाते, तिचा दशांशही छायाचित्राच्या वाट्यास येत नाही.

‘जुने जुन्नर’ या शब्दप्रयोगातील पुनरुक्ती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. जुन्नर या नावाची रूढ व्युत्पत्ती ‘जीर्णनगर’ अशी दिली जाते. संस्कृत ‘जीर्ण’ वा ‘जूर्ण’ यापासून प्राकृतात ‘जुण्ण’ आणि त्यापासून मराठीत ‘जुना’. प्राकृतातील द्वित्त ‘ण्ण’चा मराठीत दन्त्य ‘न’ होतो, हे कर्ण–कण्ण–कान, पर्ण–पण्ण–पान या उदाहरणांवरून सर्वपरिचित आहे. ‘नगर’ या उत्तरपदाचा संकोच पारनेर, संगमनेर, अंमळनेर या नावांतही दिसतो. ही व्युत्पत्ती स्वीकारली तर या नगराला लोक जुने म्हणू लागले तेव्हाच ते जुने होते, असे मानावे लागते. इ. स. १४६९च्या सुमारास हिंदुस्थानात उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन याने पावसाळा येथे काढला. इ. स. १६७५ मध्ये इंग्रज वैद्य जॉन फ्रायर येथे आला. या दोघांनीही पाहिले ते आधीच जुने झालेले नगर होय. तेव्हा ‘जुने’ या विशेषणाने जुन्नरच्या कोणत्याही छायाचित्राविषयी काहीच सांगितले जात नाही. कोणत्या काळचे जुने, कोणाच्या दृष्टीने जुने आणि त्यात दिसणारी माणसे कोण, हे प्रश्न तसेच उरतात.

छायाचित्राला इतिहासाचे साधन बनविणारी गोष्ट त्याच्या रासायनिक यथार्थतेत नसून त्याला जोडलेल्या शब्दांत आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या शब्दांना येथे ‘नामलेख’ म्हटले आहे. ही संज्ञा शिलालेखांच्या अभ्यासातून घेतली आहे आणि त्यास कारण आहे. चित्र आणि नाव यांच्या संबंधाचे एक अत्यंत प्राचीन उदाहरण जुन्नर तालुक्यातच उपलब्ध आहे.

२

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशी सातवाहनांचे लेणे आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८२८ साली ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. बाजूंच्या भिंतींवर राणी नायनिका अथवा नागनिका हिचा प्रदीर्घ ब्राह्मी लेख आहे. त्यातील यज्ञ, दक्षिणा आणि संख्याचिन्हे यांची चर्चा विपुल झाली आहे. त्यामानाने मागील भिंतीची चर्चा थोडी झाली. तेथे एकेकाळी राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा ओळीने कोरलेल्या होत्या. आज त्या नाहीत. पावलांच्या आणि वस्त्रांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. परंतु प्रतिमांच्या माथ्यावरील नामलेख पुष्कळ अंशी टिकले. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन ही नावे त्यांवरूनच ज्ञात झाली.

या नामलेखांची व्याकरणिक रचना एकसारखी नाही. ‘राया सिमुक सातवाहनो’, ‘कुमारो हकुसिरि’, ‘महारठि त्रणकयिरो’ ही रूपे प्रथमेची आहेत. ‘देवि नायनिकाय’ आणि ‘रञो च सिरि सातकनिनो’ ही षष्ठीची आहेत. प्रथमेतील नामलेख प्रतिमा आणि व्यक्ती यांत अंतर ठेवीत नाही. ‘हा कुमार हकुसिरी’ असे तो सांगतो. षष्ठीतील नामलेखात ‘प्रतिमा’ हा शब्द अध्याहृत आहे. ‘ही राणी नायनिकेची आणि राजा सातकर्णीची’ असे तो म्हणतो, म्हणजे दगडातील आकृती निराळी आणि व्यक्ती निराळी हे मान्य करतो. एकाच भिंतीवर दोन विभक्ती का याव्यात याविषयी तर्क करता येतील. पण चित्राला नाव देण्याच्या दोन रीती भाषेत त्या काळीही उपलब्ध होत्या एवढे निश्चित. आजही घरातील भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून ‘हे आजोबा’ असे म्हटले जाते आणि तीच तसबीर ग्रंथात छापताना ‘यांचे छायाचित्र’ अशी षष्ठी येते. पहिली रीत जिव्हाळ्याची आहे, दुसरी नोंदीची. स्थानिक इतिहासाला दोहोंची गरज आहे. मात्र एकीचे काम दुसरीकडून करून घेता येत नाही.

जुन्नरभोवतालच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या ठिकाणी, दोनशेंहून अधिक खोदकामे आहेत. त्यांतील दानलेखांची बांधणीही या दृष्टीने उद्बोधक आहे. यवन इरिल याने दोन पोढी दिल्या. यवन चिट याने भोजनमंडप दिला. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने ४६ या वर्षी दान केले. वंसकारांच्या म्हणजे बांबूकाम करणारांच्या आणि कासाकारांच्या म्हणजे कासारांच्या श्रेणींचाही उल्लेख येतो. हे लेख अत्यंत त्रोटक आहेत. तरी कोण, कोठला किंवा कोणत्या व्यवसायाचा, आणि त्याने काय केले, या तीन गोष्टी त्यांत बहुधा येतात. राजाप्रमाणे कारागिराच्या श्रेणीसही येथे नाव आहे. जुन्नरच्या इतिहासात सामान्य माणसाचा प्रवेश प्रथम झाला तो अशा नामलेखांतून.

३

या पार्श्वभूमीवर एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणाच्या छायाचित्रांकडे पाहिले म्हणजे विरोध स्पष्ट होतो. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण-संस्था स्थापन झाली.  जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा भारतातील लेणीमंदिरांविषयीचा ग्रंथ १८८० मध्ये आणि बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचे संकलन १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८५ मध्ये निघाले. त्याच दशकात पुरातत्त्व सर्वेक्षणातील हेन्री कझेन्स यांनी जुन्नरची छायाचित्रे घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील संग्रहात आहेत. जुन्नरच्या अभ्यासाला या कार्याने जो पाया घालून दिला त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. झिजत चाललेल्या दगडाची त्या वेळची स्थिती जाणण्यास ही छायाचित्रे आजही प्रमाण आहेत.

परंतु या छायाचित्रांचा नामलेख इमारतीपुरता असतो. कोणते लेणे, कोणत्या डोंगरातले, कितव्या क्रमांकाचे हे त्यात येते. सर्वेक्षणाच्या छायाचित्रांत पुष्कळदा एखादा मनुष्य खांबापाशी उभा केलेला दिसतो. त्याचे प्रयोजन खांबाची उंची कळावी हे असते. तो मनुष्य तेथे मोजपट्टीच्या जागी आहे आणि मोजपट्टीला नाव नसते. ज्या लेण्याला दान देणाऱ्या बांबूकाम करणारांची नोंद दोन सहस्र वर्षांमागे दगडात झाली, त्याच डोंगरांच्या चित्रांत एकोणिसाव्या शतकातील माणूस अनाम राहतो. नाणेघाटात नावे उरली आणि प्रतिमा गेल्या; येथे प्रतिमा उरल्या आणि नावे मुळातच लिहिली गेली नाहीत.

हा दोष कॅमेऱ्याच्या यंत्राचा नव्हे, हे दाखविण्यास त्याच देशाचे उदाहरण पुरेसे आहे. बर्जेस स्कॉटलंडचे, फर्ग्युसन तेथील पश्चिम किनाऱ्यावरील एअर या गावी जन्मलेले. छायाचित्रण-कला अगदी बाल्यावस्थेत असताना, १८४३ ते १८४७ या काळात, डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अॅडमसन यांनी एडिंबरोनजीकच्या न्यूहेवन या कोळीवस्तीतील स्त्री-पुरुषांची छायाचित्रे घेतली. त्यांतील एका कोळिणीच्या चित्राविषयी जर्मन विचारवंत वाल्टर बेंजामिन याने १९३१ मध्ये छायाचित्रणाच्या इतिहासावरील निबंधात विवेचन केले आहे. चित्रकाराने काढलेले व्यक्तिचित्र कालांतराने चित्रकाराच्या कौशल्याची साक्ष म्हणून उरते. पण या छायाचित्रात कौशल्यापलीकडचे असे काहीतरी आहे, आणि ही जिवंत असलेली स्त्री कोण हे विचारल्यावाचून पाहणाऱ्याला राहवत नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. त्या स्त्रीचे नाव आज एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल असे नोंदलेले आहे. त्या नावामुळे चित्र अधिक सुंदर झाले नाही. परंतु ‘एक कोळीण’ हा नमुना जाऊन तेथे एक व्यक्ती आली, आणि नमुन्याविषयी जे प्रश्न विचारता येत नाहीत ते व्यक्तीविषयी विचारता येऊ लागले.

जुन्नरच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे कागदाच्या उदाहरणावरून समजून घेता येईल. जुन्नरी कागद एकेकाळी प्रसिद्ध होता आणि दप्तरांतून त्याचा वापर होत असे. हा कागद करणारे कागदी लोक जुन्नरच्या व्यवसायजीवनाचा एक ठळक भाग होते. परंतु सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्याचा विषय लेणी, किल्ला आणि घुमट हा होता. कारखाना आणि हात हा नव्हता. इमारतींची स्थिती जाणण्यासाठी या चित्रांचा पुरावा भक्कम आहे. वस्तीविषयी तो मूक आहे. स्थानिक इतिहासकाराने ही चित्रे ‘जुन्या काळचे जुन्नर’ म्हणून छापली, तर सर्वेक्षकाने केलेली निवड तो नकळत नगराच्या माथी मारतो.

४

सर्वेक्षणाच्या चित्रांनंतर घरगुती आणि संस्थागत छायाचित्रांचा वर्ग येतो. रंगविलेल्या पडद्यापुढे खुर्चीत बसलेला कर्ता पुरुष, शाळेच्या पायऱ्यांवरील विद्यार्थी आणि शिक्षक, सोसायटीचे संचालक, तालमीतील मल्ल, यात्रेतील मंडळी, असे याचे परिचित प्रकार आहेत. येथे नामलेख असतो. किंबहुना अनेकदा तो फार दीर्घ असतो. मात्र त्याचीही एक ठराविक भाषा आहे आणि ती चिकित्सेवाचून स्वीकारणे धोक्याचे आहे.

‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ या प्रारंभाने जो क्रम लागतो तो केवळ जागेचा नसतो. बसलेल्यांची नावे आडनावांसह व उपाध्यांसह येतात, उभ्यांची आद्याक्षरांनी, आणि टोकाला ‘व इतर’ हा शब्द येतो. ‘इतर’ म्हणजे कोण, हे चित्रात दिसते, पण लेखात सापडत नाही. शिपाई, गडी, वाजंत्री, स्वयंपाकी हे बहुधा त्यात असतात. स्त्रियांच्या बाबतीत ‘सौ.’, ‘मातोश्री’, ‘भगिनी’ अशी नातेवाचक पदे नावाची जागा घेतात. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न होते. स्त्रीचा चेहरा स्पष्ट दिसत असतो. परंतु तिची ओळख शेजारी बसलेल्या पुरुषाच्या ओळखीवर अवलंबून असते, आणि त्याचे नाव पुसले गेले की तीही नाहीशी होते. नाणेघाटातील नायनिका राजाच्या आधी, आपल्या नावाने आली आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. तमाशाच्या परंपरेने नावाजलेल्या नारायणगावात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव कलेच्या बळावर टिकले. फडातील सुरत्या, ढोलकीवाले, झीलकरी यांच्या नावांना तसा आधार नाही. त्यांची नावे चित्राच्या पाठीवर लिहिली गेली तरच उरतील.

असे असले तरी, भाषेच्या अभ्यासकाला हेच सदोष नामलेख उपयोगी पडतात, कारण ते स्वतःचा काळ उघड करतात. चित्रातील एखाद्या नावामागे ‘कै.’ असेल, तर नामलेख त्या व्यक्तीच्या निधनानंतरचा आहे, चित्राच्या वेळचा नाही, हे सिद्ध होते. ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’ या सरकारी पदव्या इंग्रजी अमलाकडे बोट दाखवितात. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘येथें’ अशी सानुस्वार रूपे असलेला छापील नामलेख १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचा असण्याचा, अथवा जुन्या वळणात शिकलेल्या व्यक्तीने लिहिलेला असण्याचा संभव अधिक. पाठीवरील मजकूर मोडीत असेल, तर लिहिणाराची पिढी त्यावरून ओळखता येते. उलटपक्षी ‘सध्याचे अध्यक्ष’, ‘आजचे बसस्थानक’, ‘येथील मारुती’ यांसारखी दर्शक पदे लिहिताना सोयीची वाटली, तरी काळ लोटल्यावर निरर्थक होतात. ‘आज’ म्हणजे केव्हा आणि ‘येथे’ म्हणजे कोठे, हे लिहिणाराबरोबरच जाते. अनेक स्मरणिकांतील छायाचित्रे निरुपयोगी ठरतात ती चित्र पुसट झाल्याने नव्हे, तर त्यांखालचे ‘आज’ पुसट झाल्याने.

५

‘येथे’ या शब्दाचा आधार संपूर्णपणे नाहीसा होण्याचे उदाहरण आंबेगाव तालुक्याने पाहिले आहे. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते घोड नदीकाठचे जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी जुन्नर–आंबेगावच्या शेतीचे रूप पालटले, हे निर्विवाद होय. खालच्या भागातील बागायतीचा आधार हेच पाणी आहे. त्याची किंमत डोंगरकपारीतील ज्या लोकांनी दिली त्यांत महादेव कोळी मोठ्या संख्येने होते. विस्थापितांनी जलाशयात मासेमारी आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करून जीवन पुन्हा उभे केले. या कामात त्यांच्याबरोबर राहिलेल्या शाश्वत या संस्थेस २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. जलाशयाला दिलेले नाव हुतात्मा बाबू गेनू यांचे. विदेशी कापडाच्या गाडीपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे.

भाषेच्या दृष्टीने येथे एक दुर्मीळ घटना घडली आहे. ‘आंबेगाव’ हे नाव प्रशासनाच्या प्रत्येक कागदावर रोज लिहिले जाते. परंतु त्या नावाचा मूळ वाच्यार्थ पाण्याखाली आहे. तालुक्याचे नाव गावावरून पडले, गाव गेले आणि नाव राहिले. नाणेघाटाच्या भिंतीचीच ही पुनरावृत्ती होय. फरक एवढाच की येथे प्रतिमेची जागा संपूर्ण वस्तीने घेतली आहे. अशा वेळी त्या गावाची जी छायाचित्रे विस्थापित कुटुंबांकडे उरली असतील, ती आठवणीपुरती राहत नाहीत. गल्ली कोठून वळत होती, देवळाचे तोंड कोणत्या दिशेस होते, बाजार कोठे भरत असे, कोणाच्या घरास लागून कोणाचे घर होते, याचा तो एकमेव दृश्य पुरावा ठरतो. लग्नात काढलेल्या चित्रात वधूवरांमागे योगायोगाने आलेली भिंत ही इतिहासाच्या दृष्टीने वधूवरांइतकीच मोलाची होते. मात्र ती भिंत कोणाची हे सांगणारी पिढी वृद्ध होत आहे.

अशा चित्रांना ‘हरवलेले गाव’ असा नामलेख देण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण तो टाळणे अगत्याचे आहे. गाव हरवले नाही. एका निर्णयाने ते बुडविले गेले, आणि त्या निर्णयाचा लाभ ज्यांना झाला ते व हानी ज्यांना झाली ते निरनिराळे लोक होते. ‘हरवणे’ हे क्रियापद कर्ता लपविते. स्मरणरंजनाची भाषा आणि प्रशासनाची भाषा यांचे या एका बाबतीत विलक्षण साम्य आहे. दोघींनाही अकर्तृक वाक्य प्रिय असते.

त्याच तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला. दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. नित्याप्रमाणे आलेल्या एस. टी.च्या चालकाला गाव दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. त्यानंतर माळीणची असंख्य छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. ती सर्व चिखलाची आणि ढिगाऱ्याची होती. ज्या घरांतून गावाची आधीची चित्रे भिंतींवर असावयाची ती घरेच गाडली गेली. परिणामी, एका गावाचे सर्वांत परिचित चित्र म्हणजे ते गाव नसल्याचे चित्र, अशी अवस्था झाली. आप्तांकडे, शाळेच्या दप्तरांत, परगावी दिलेल्या मुलींच्या घरी जी थोडी चित्रे असतील ती जमवून त्यांतील माणसांची नावे लावणे हे केवळ संशोधनाचे काम राहत नाही. मृतांचे ते एक देणे आहे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. चित्र स्वतःच बोलते, नावांचा हव्यास कशाला, हा पहिला. पोशाख, दागिने, घराचे छप्पर, बैलगाडीचे चाक यांवरून पुष्कळ गोष्टी नावावाचून समजतात, हे खरे. पण त्या समजतात त्या ‘अशी घरे असत’, ‘असा पोशाख असे’ या सामान्य विधानांच्या रूपाने. सामान्य विधानांसाठी दुसऱ्या गावचे चित्रही चालते. स्थानिक इतिहासाचा आग्रह मात्र ‘हेच घर’, ‘हीच व्यक्ती’ असा असतो, आणि तो नामलेखावाचून पुरा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वृद्धांच्या स्मरणावरून लावलेली नावे चुकीची असू शकतात. एकाच चेहऱ्याला दोन घरे आपला पूर्वज म्हणू शकतात. याचे उत्तर पुण्यातील संशोधन-परंपरेतच उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा परस्परविरोधी पाठ आढळले म्हणून कोणी काम थांबविले नाही. स्वीकृत पाठ वर ठेवून पाठभेद खाली नोंदविण्यात आले. छायाचित्रातील ओळखीलाही हाच न्याय लावता येतो. ओळख कोणी सांगितली, केव्हा सांगितली, दुसऱ्याने काय सांगितले, हे नोंदविले की स्मरण हा साधार पुरावा होतो. ज्या चेहऱ्याला नाव मिळत नाही तेथे ‘इतर’ असे न लिहिता ‘नाव अज्ञात’ असे लिहावे. ‘इतर’ने व्यक्ती गणनेतून वगळली जाते, ‘अज्ञात’ने तिची जागा राखली जाते.

जुन्नर–आंबेगावच्या छायाचित्रांच्या संपादकाला यासाठी परकीय आदर्श शोधावा लागणार नाही. मानमोडी आणि लेण्याद्री येथील दानलेखांनी कोण, कोठला आणि काय केले, ही किमान त्रयी घालून दिली आहे; तीत काळ आणि ओळख सांगणाराचे नाव या दोहोंची भर घातली की आजच्या गरजेपुरता नामलेख सिद्ध होतो. ‘आज’ऐवजी वर्ष, ‘येथे’ऐवजी स्थळाचे नाव, नात्याऐवजी स्त्रीचे स्वतःचे नाव, आणि अकर्तृक क्रियापदाऐवजी कर्ता, एवढी शिस्त पाळली तर स्मरणिकांची पानेही संशोधनाच्या उपयोगी पडतील. नाणेघाटाच्या प्रतिमा कोणालाही परत आणता येणार नाहीत. घरोघरच्या पेट्यांतील छायाचित्रांना नावे लावणे मात्र, ती सांगू शकणारी माणसे आहेत तोवर, शक्य आहे. आणि ही मुदत दगडाच्या मुदतीहून फार थोडी आहे.